ओ येईपर्यंत हाक

आमची दुर्गा बोलायला उभी राहिली की आधी माईक बाजूला सारते. परवा कुक्षीच्या हाटात नशामुक्तीच्या अभियानवाल्यांनी तिला मंचावर चढवलं, गळ्यात हार घातला, आणि ही बया माईकवाल्याला म्हणते, "भिया, ये भोंगा परे कर. मेरेको हाक मारनी है, भाषण नी देना." हाक हा शब्द हिंदीत चालत नाही हे तिच्या गावीही नसतं. मग ती गर्दीत डुलक्या घेणारा एखादा बाबा शोधते, खाली उतरते, त्याचा खांदा गदागदा हलवते आणि खणखणीत आवाजात हाक मारते. तो दचकून "कंई हुयो? कंई हुयो?" करत उठतो. लोक हसतात. दुर्गा हसत नाही.

"देखो, इनने जवाब दिया," ती सांगते. "जो जवाब दे, वो सो रया है. जो नी दे, वो सो नी रया, वो जा रया है. उसको सोने मत दो."

मी तिची थोरली नणंद. सासर देवासचं, माहेर धारचं. उभा जन्म शाळेत पोरांवर ओरडण्यात गेला, त्यामुळे माझं बोलणं तिखट आहे. ज्याला झोंबेल त्याने पाणी प्यावं. पण खरं सांगते, ज्या दुर्गाला मी लग्न करून आमच्या घरात आलेली पाहिली, ती हाक मारेल असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. या बाईचा आवाज म्हणून कधी शेजारच्या खोलीत गेला नव्हता. स्वयंपाक झाला की ओट्यावर पळी वाजवायची, की समजायचं, ताटं वाढली. नवऱ्याला नाही, मुलाला नाही, कुणालाच तिने कधी मोठ्याने बोलावलं नाही. आमच्या आईसाहेबांना त्याचं केवढं कौतुक! सून असावी तर अशी, म्हणायच्या.

माझा भाऊ भास्कर धारच्या कॉलेजात इतिहास शिकवतो. त्याला आणि दुर्गाला एकच मुलगा, मनन. गोड पोरगा. मला आत्यासाहेब म्हणायचा, आणि लगेच "आत्यासाहेब, पन्नास रुपये आहेत का?" म्हणून हसायचा. मराठी बोलायचा झकास, वाचायला दिलं की अडखळायचा. पिथमपूरच्या कारखान्यात लागला, तिथल्या दोस्तांत पावडरीच्या पुड्या ओढायला लागला. आम्हाला कळलं तेव्हा तो वाळून काटा झाला होता. भास्करने इंदूरकडच्या एका नशामुक्ती केंद्रात घातला. बाहेर काय सांगायचं? कंपनीने ट्रेनिंगला पाठवलाय, असं सांगायचं. मीसुद्धा देवासला हेच सांगत होते.

गेल्या आषाढात तो घरी आला. अंग भरलं होतं, डोळे स्वच्छ. दुर्गाला तर आभाळ ठेंगणं झालं. रविवारी तिने दाल-बाफले केले. कणकेचे ते उकडून भाजलेले गोळे, त्यांतून तूप अगदी निथळत होतं. पोरगा पोटभर जेवला, "पान खाऊन येतो" म्हणून खाऊच्या गाड्यांच्या चौपाटीवर गेला, थोड्या वेळाने परत आला आणि मधल्या खोलीत आडवा झाला. आणि घोरायला लागला.

आता माळव्यात कुणालाही विचारा, बाफले खाल्लेला माणूस काय करतो? झोपतो. मेल्यासारखा झोपतो, असंच म्हणतात लोक, आपण काय बोलतो ते कळत नाही त्यांना. भास्कर हसून म्हणाला, "चढले बाफले." महिनोन्‌महिने ज्याला झोप नव्हती तो घोरतोय, याचाच त्या दोघांना आनंद. भास्करने टीव्ही बंद केला. दुर्गाने फाटकावर जाऊन भाजीवाल्याला हातानेच खूण केली, की ओरडू नको. आणि संध्याकाळचा भात तिने कुकरला लावला नाही. शिट्टीने पोरगा उठेल म्हणून पातेल्यात शिजवला, मंद आचेवर, वर झाकण ठेवून.

दिवेलागणीला चहा घेऊन गेली तेव्हा घोरणं थांबलेलं होतं. तिला वाटलं, आता गाढ लागली.

मी देवासहून पोचले तोवर सगळं आटोपलं होतं. सरकारी अस्पतालातल्या डॉक्टरीणबाईंनी, ईशानी त्यांचं नाव, दुर्गाला बाजूला घेऊन सांगितलं होतं. नशा सोडून आलेल्या माणसाच्या शरीराची सवय मोडलेली असते. पूर्वीइतकीच पुडी घेतली तरी ती आता जड जाते, जीव घेते. आणि ते घोरणं झोपेचं नव्हतं. श्वास अडकत होता त्याचा. वेळेवर हलवलं असतं, अस्पतालात आणलं असतं, तर उताऱ्याचं इंजेक्शन असतं त्यावर. हे ऐकून दुर्गा रडली नाही. एवढंच विचारलं, "म्हणजे तो दुपारभर जिवंत होता?"



उठावण्याला, तिसऱ्या दिवशी लोक भेटायला जमले तेव्हा, भास्करने सगळ्यांना सांगितलं, हार्ट. जगदाळ्यांच्या घरात पुडीने मुलगा गेला हे त्याच्या तोंडून निघेना. लोकही शहाणे, सगळ्यांनी मान डोलावली. आजकाल तरुण पोरांनासुद्धा येतो हो अटॅक, म्हणाले. आतून मला असा संताप येत होता म्हणून सांगू! कुणावर ते मात्र कळत नव्हतं.

त्यानंतर मी धारलाच राहिले. आमचे हे देवासला टीव्ही आणि मांजर सांभाळतात. दुर्गाला एकटं सोडवेना. ती कामं करायची, जेवायची, पण भात मात्र रोज पातेल्यात. गॅस जातो, वेळ जातो, कुकर मांडणीवर धूळ खात पडलेला. मी एकदा काढून घासला, तर तिने तो पुसून पुन्हा वर ठेवला. माझ्यासारखीला न बोलणं किती जड जातं ते मलाच ठाऊक.

दिवाळीनंतरची गोष्ट. आमच्या भिंतीला लागून उमाबाईंचं घर. त्यांचे यजमान कुक्षीला नोकरीला, शनिवारी येतात. मुलगा शार्दूल, मननहून थोडा लहान. एका सकाळी दुर्गा गच्चीवरून खाली आली ती पांढरी पडलेली.

"वन्सं, उमावैनी गच्चीत बसून पायजम्यांच्या नाड्या काढतायत."

"मग काढू दे की. धुवायच्या असतील."

"धुवायला नाही. केंद्रात नाडी चालत नाही, पट्टा चालत नाही. मुलं गळ्याला लावतील म्हणून. मीही अशीच बसले होते."

दोन दिवसांनी शार्दूल दिसेनासा झाला. उमाबाई म्हणाल्या, पुण्याला कोर्सला गेलाय. पुण्याला कोर्सला जाणाऱ्या मुलाच्या नाड्या कोण काढतं हो? पण मी तरी कोण बोलणार, आम्हीही कंपनीचं ट्रेनिंग सांगितलंच होतं की.

दुर्गाच्या डोक्यात मात्र एकच गोष्ट घर करून बसली. हा पोरगा परत येईल. अंग भरलेलं असेल. आई गोडधोड करेल. आणि मग एखाद्या दुपारी तो घोरेल. हे उमाबाईंना सांगायला हवं, तो यायच्या आत. ती भाजीची वाटी घेऊन दोनदा गेली. पहिल्यांदा विषय काढला तर उमाबाईंनी पुण्याची थंडी किती ते सांगितलं. दुसऱ्यांदा जरा उघड बोलली तर त्या उठून उभ्या राहिल्या. "दुर्गावैनी, तुमचं दुःख मोठं आहे. पण ते आमच्या घरात आणू नका." वाटी तशीच परत आली.

मग आम्ही दोघी नशामुक्ती अभियानाच्या साहेबांकडे गेलो. त्या दिवसांत शहरभर शाळेच्या पोरांच्या रॅल्या चालल्या होत्या, भिंतींवर कवट्या आणि घोषणा तर वर्षभर आधीपासूनच होत्या. साहेब सज्जन. चहा पाजला. म्हणाले, "ताई, नशा मत करो, ये बोल सकते हैं. नशा कर लिया तो क्या करो, ये मंच से कैसे बोलें? लोग कहेंगे, हम ही सिखा रहे हैं."

दुर्गा म्हणाली, "साहेब, मेरा लड़का नशा छोड़के आया था. आपकी दीवार उसको मुँहजबानी याद थी."

साहेबांनी ते वहीत लिहून घेतलं. पण पुढे काही झालं नाही.

पौषात दुर्गाने मला सांगितलं, "वन्सं, मी संक्रांतीचं हळदीकुंकू करणार आहे."

मी कपाळावर हात मारला. घरात मृत्यू झाला की वर्ष सरेपर्यंत सण नाही, तोरण नाही, हळदीकुंकू तर नाहीच नाही. आणि हिचं वर्ष व्हायला अजून सहा महिने. "अगं, जग काय म्हणेल?"

"म्हणू दे. संक्रांतीच्या आठवड्यात शार्दूल घरी येतोय. त्यांच्याकडे गाद्या उन्हात टाकल्यात. एकट्या उमावैनींना सांगितलं तर त्या ऐकत नाहीत, आणि नाव घेतलं तर त्यांची अब्रू जाते. सगळ्यांना सांगितलं तर त्यांनाही ऐकू जाईल. माझ्या मुलाचं सांगेन. त्यांच्या मुलाचं कशाला सांगू?"

भास्कर असा भडकला की काय सांगू. "ताई, तू तरी समजाव हिला! माझ्या पोराचं नाव सगळ्या मराठी बायकांत उष्टं करणार?" मी म्हटलं, "ती करतेय ते मलाही पटत नाही. पण तुझं हार्टही मला पटलं नव्हतं." तो चप्पल घालून निघून गेला, तो हळदीकुंकवाच्या दिवशीही घरात थांबला नाही.

बायका आल्या. कुतूहलानेच जास्त. दारात कुजबुज, वर्ष नाही झालं आणि हे काय, बिचारीच्या डोक्यावर परिणाम झालाय. उमाबाईही आल्या, भिंतीला लागून घर, न येऊन चालेना. दुर्गाने सगळ्यांना हळदीकुंकू लावलं, अत्तर लावलं, हातावर तिळगूळ ठेवला. वाणाच्या वाट्या ताटात मांडलेल्या. आणि वाण द्यायच्या आधी ती मधोमध उभी राहिली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. मला वाटलं, आता हिच्या तोंडून शब्द फुटणार नाही.

"माझा मनन हार्टने नाही गेला," ती म्हणाली. "पुडीने गेला. नशा सोडून आला होता, एकदाच घेतली, तीच जड झाली. माझ्यासमोर दुपारभर घोरत होता आणि मी त्याला झोपू दिलं. तुमच्या घरात असं कुणी नसेल. देव करो आणि नसोच. पण असा कुणी भलत्या वेळी घोरत पडला, तर हाक मारा. ओ दिली तर झोपू द्या. ओ नाही दिली तर हलवा, चिमटा काढा. तरी ओ नाही आली, ओठ काळे दिसले, तर कुशीवर वळवा आणि एकशे आठला फोन करा. लिंबूपाणी पाजू नका, तोंडात काही घालू नका. आणि डॉक्टरला खरं सांगा. हार्ट सांगू नका."

अगं बाई! हळदीकुंकवात कुणी मरणाचं नाव काढतं का? एक बाई म्हणाली, "शुभदिवशी हे काय अभद्र!" उमाबाई उठल्या. तिळगूळ खाली ठेवला आणि वाण न घेता चालू लागल्या. वाण न घेता सवाष्ण उठली की यजमानिणीच्या तोंडावर मारल्यासारखं असतं. त्यांच्यामागे आणखी चारजणी उठल्या. ताटात पाच वाट्या उरल्या.

दुर्गा त्या वाट्या पुसून ठेवत होती. मी म्हटलं, "झालं समाधान?"

"ऐकलं ना त्यांनी? राग येऊ दे. ऐकलं म्हणजे झालं."

शार्दूल आला. येता-जाता दिसायचा, नमस्कार करायचा. उमाबाईंनी मात्र बोलणं टाकलं. वाळत घातलेले कपडेसुद्धा आमच्या बाजूच्या दोरीवरून काढून घेतले. भास्कर घरात असून नसल्यासारखा. असं महिना-दीड महिना चाललं. होळी झाली. जुने दोस्त रंग घेऊन शार्दूलच्या दारात आले होते, ते दुर्गाने पाहिलं आणि त्या दिवसापासून ती दुपारची झोपेना.

रंगपंचमीच्या आदल्या दिवशी, जेवणं उरकली होती, आम्ही मागच्या अंगणात मेथी निवडत होतो. भिंतीपलीकडून उमाबाईंचा आवाज आला. "शार्दूल." साधीच हाक. मग जरा मोठ्याने, "शार्दूल, अरे, चहा घेतोस?" दुर्गाचे हात थांबले. मग एकदम किंचाळणं, "शार्दूल! ओ दे रे! शार्दूल, ओ दे!"

मेथी अंगणभर उडाली. दुर्गा अनवाणी धावली. माझे गुडघे कसले धावू देतात, पण मीही गेले मागोमाग. पोरगा दिवाणावर उताणा, घोरणं असं की घशात कुणी लाकूड ओढतंय. मग नुसतीच शांतता. मग पुन्हा. ओठ जांभळाच्या रंगाचे. शेजारी रंगपंचमीला आलेले उमाबाईंचे दीर उभे, "वैनी, सोने दो उसको, कल से जागा हुआ है. बाफले खाए हैं."

बाफले! 

दुर्गाने त्याला कुशीवर वळवलं, हनुवटी वर केली आणि पाठीवर थापा मारत हाका मारायला लागली. उमाबाईंनी फोन उचलला तर दीर म्हणाले, "एकशे आठ नको वैनी, सायरन वाजवत येतील, मोहल्ला गोळा होईल. चुपचाप माझ्या गाडीतून नेऊ." गाडी होती लांब, पार पेट्रोल पंपाजवळ उभी. उमाबाईंनी दिराकडे पाहिलं, मग दुर्गाकडे. आत आवाज नीट जात नव्हता म्हणून त्या बाहेर ओटल्यावर गेल्या. सगळी गल्ली रंगांची दुकानं मांडून बाहेर बसलेली. त्या सगळ्यांसमोर ही बाई फोनवर ओरडून बोलली, "मेरे लड़के ने पुड़िया ली है. हाँ, ब्राउन शुगर! साँस अटक रही है. जल्दी आओ!"

आत दुर्गाचं चालूच होतं, "शार्दूल! शार्दूल!" मध्येच एकदा तिच्या तोंडून "मनन" आलं. तिला कळलंही नाही. मला कळलं.

एकशे आठची गाडी आली. अस्पतालात ईशानी डॉक्टरच होत्या. काय घेतलंय विचारल्यावर उमाबाईंनी एका दमात सांगितलं, इंजेक्शन दिलं गेलं, आणि थोड्या वेळाने पोरगा डोळे उघडून ओकायलाच लागला. ओकताना शिव्या देत होता. इतक्या गोड शिव्या मी आयुष्यात ऐकल्या नाहीत. दीर लगेच घरी न्यायला निघाले. डॉक्टर म्हणाल्या, नाही. इंजेक्शनचा असर उतरतो आणि पुडीचा परत चढू शकतो. आज इथेच राहील.

मग दुर्गा त्याच्या उशाशी बसली. डोळा लागला की हाक. पोरगा कंटाळला. "काकी, सोने दो ना."

"झोप की. पण हाक मारली की ओ द्यायची."

"ओ, काकी. ओ."

भास्कर आला होता. मी फोन केला नव्हता, गल्लीतूनच कळलं असेल. दाराशी उभा राहून ते हाक आणि ओ ऐकत होता. वॉर्डातल्या नर्सने विचारलं, "आप कौन? पेशंट के पापा?" तो म्हणाला, "नहीं. मेरा बेटा ऐसे ही गया. पुड़िया से." एवढं बोलून तो बाहेरच्या बाकावर जाऊन बसला आणि मोठ्याने रडला. उठावण्यालाही रडला नव्हता माझा भाऊ.

शार्दूल घरी आला त्याच्या दुसऱ्या दिवशी उमाबाई आमच्या दारात. हातात काही नाही, मान खाली.

"दुर्गावैनी, माझं वाण राहिलंय तुमच्याकडे."

दुर्गाने वाटी आणली, कुंकू लावलं, वाटीत मेथीची भाजी घालून दिली. दोघी तशाच उंबऱ्यात उभ्या. मग उमाबाई तिच्या गळ्यात पडल्या. "तुमचा राग यायचा हो मला," त्या म्हणाल्या. "राग यायचा म्हणून तर शब्दन्‌शब्द लक्षात राहिला. पण तुम्ही मननला कसं वाचवणार होतात, तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं." उरलेल्या चार वाट्याही त्या आठवड्यात एकेक करून गेल्या. मग एकीच्या बहिणीने लोहारद्याला बोलावलं, दुसरीच्या जावेने कुक्षीला. साहेबही आले, आता ते तिला मंच देतात. शार्दूल पुन्हा औषधं घेतोय. सोपं नाही ते. पण रोज दुपारी भिंतीवरून हाक जाते आणि पलीकडून ओ येते.

हे सगळं छान झालं म्हणून मी एवढं लिहीत बसले नाही. ज्यासाठी लिहिलं ते असं. उमाबाई वाण घेऊन गेल्या त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात गेले, तर दुर्गाने मांडणीवरचा कुकर काढलेला. तांदूळ धुतले, झाकण लावलं, गॅसवर चढवला. मी दाराशीच थांबले. भास्करही बैठकीतून उठून आला. थोड्या वेळाने वाफ कोंडली आणि शिट्टी कर्कश वाजली. मी पटकन आच कमी करायला पुढे झाले.

दुर्गाने माझा हात धरला.

"वाजू दे, वन्सं. आता घरात कुणी झोपलेलं नाही."